मितानिनींना शिकवलं कोणी, पैसे दिले कोणी

1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य झालं, तेव्हा राजधानी ठरलेल्या रायपुरात मंत्रालयासाठी इमारत नव्हती. शहराच्या मध्यवस्तीत दाऊ कल्याणसिंह यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जुनं रुग्णालय होतं. मंत्रालय तिथेच भरू लागलं आणि पुढची बारा वर्षं तिथेच राहिलं. एकेकाळी रोग्यांच्या खाटा असलेल्या खोल्यांमधून नव्या राज्याचा कारभार चालला. हाताशी डॉक्टर थोडे, परिचारिका थोड्या, आणि बस्तर-सरगुज्याच्या जंगलातल्या पाड्यांपर्यंत पोचायला रस्तेही अपुरे. 1998-99च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या भागात हजार जन्मांमागे सुमारे 81 अर्भकं वर्षाच्या आत दगावत होती.

गावातल्याच माणसाला आरोग्याचं शिक्षण द्यायचं, हा विचार तेव्हा नवा नव्हता. 2 ऑक्टोबर 1977 रोजी जनता सरकारने देशभर गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांची योजना सुरू केली होती. तीन महिन्यांचं शिक्षण, त्या काळात महिना 200 रुपये विद्यावेतन, नंतर महिना 50 रुपये मानधन आणि औषधांची पेटी. निवडले गेले बहुतेक पुरुष. पंचायतीत ज्यांचं वजन, त्यांच्या नात्यागोत्यातल्यांची वर्णी लागल्याच्या तक्रारी होत्या. एकदा शिकवून झालं की पुन्हा फारसं कोणी विचारत नसे. मध्य प्रदेशाने 1995 मध्ये जनस्वास्थ्य रक्षक नेमले, आणि त्यांतल्या अनेकांनी पुढे खाजगी दवाखानेच थाटले. रायपुरात नवी योजना आखणाऱ्यांपुढे हा सगळा इतिहास होता.

दुसरा इतिहास अधिक उजळ होता आणि जवळचाही. दल्ली-राजहराच्या लोहखाणींतल्या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. 1977च्या जूनमध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात अकरा कामगार मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ 3 जून 1983 रोजी शहीद हॉस्पिटल उघडलं. इमारत मजुरांनी स्वतः राबून उभी केली, पैसा त्यांच्या वर्गणीतून आला, बाहेरचं अनुदान घ्यायचं नाही असं ठरलं. विनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना हे डॉक्टर तिथे काम करू लागले, आणि रुग्णसेवा करणारी माणसं कामगारांच्याच घरांतून शिकून तयार झाली. या देशात सार्वजनिक आरोग्यासाठी निधी उभा करण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत दल्ली-राजहराचं स्थान फार वरचं आहे. ज्यांचे पैसे त्यांचंच रुग्णालय, म्हणून ते कोणाच्या योजनेच्या मुदतीवर अवलंबून राहिलं नाही.

महाराष्ट्राचा धडाही रायपूरला ठाऊक होता. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970च्या दशकापासून गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं होतं. अनेकींना अक्षरओळखही नव्हती. पण त्या नियमाने जामखेडला जमत, गावातलं घडलेलं सांगत आणि नवं शिकून परत जात. शिक्षण कधी संपतच नव्हतं. रायपूरकरांनी हीच गोष्ट सगळ्यांत घट्ट धरली, असं मागे वळून पाहताना वाटतं.

2002 मध्ये रायपुरात राज्य आरोग्य संसाधन केंद्र सुरू झालं. राज्य सरकार आणि ॲक्शनएड ही स्वयंसेवी संस्था यांच्या करारातून उभी राहिलेली ही संस्था कालीबाडीच्या परिसरातून काम करू लागली. पहिला मोठा पैसा युरोपियन कमिशनच्या साहाय्यातून आला. आलोक शुक्ला आरोग्य सचिव होते, टी. सुंदररामन केंद्राचे संचालक झाले. विनायक सेन यांच्यासारखे कार्यकर्ते सल्लागारांत होते. छत्तीसगडात मितान म्हणजे विधिपूर्वक जोडलेलं, रक्ताइतकं जपलेलं मैत्र. त्यावरून योजनेला नाव मिळालं मितानिन.

निवड गावावर नव्हे, पाऱ्यावर झाली. पारा म्हणजे आपल्याकडचा पाडा किंवा वस्ती. आधी कलाजथ्यांनी गाणी-नाटकांतून योजना समजावली, मग पाऱ्यातल्या लोकांनी आपली बाई निवडली. शिक्षणाची रीत अशी की काही दिवसांचं शिबिर, मग गावात काम, मग पुन्हा शिबिर. साधारण वीस मितानिनींमागे एक प्रशिक्षिका, तीही त्याच भागातली, जी घरोघर सोबत फिरून चुका सुधारे. आकाशवाणीच्या रायपूर केंद्रावरून 'कहत हे मितानिन' हा कार्यक्रम लागे. डिसेंबर 2003 मध्ये राज्यात सत्ताबदल झाला, मुख्यमंत्री अजित जोगी गेले, रमणसिंह आले, तरी मितानिन टिकली. सरकार बदललं की आधीच्यांच्या योजना गुंडाळण्याची आपल्याकडची रीत पाहता याचं मोल मोठं आहे.

12 एप्रिल 2005 रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि देशभर गावोगावी 'आशा' या आरोग्यसेविका आल्या. त्यांच्या घडणीत मितानिनचा अनुभव मोलाचा ठरला. केंद्राच्या हिशेबात हजार लोकसंख्येमागे एक आशा. छत्तीसगडात पाऱ्यामागे एक मितानिन, म्हणजे संख्या कितीतरी जास्त. दिल्लीहून निधी आला आणि शिक्षणही पुढे सरकलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली होती. ती आशांच्या पाठ्यक्रमातून मितानिनींपर्यंत आली. सीमेपलीकडच्या जिल्ह्यातलं शहाणपण दिल्लीमार्गे फिरून शेजारी पोचलं. 2012 पासून रायपूरसारख्या शहरांतल्या झोपडवस्त्यांतही मितानिनी नेमल्या गेल्या.

मोबदल्याची गोष्ट मात्र दुखरी आहे. सुरुवातीला मानधन नव्हतं. पगार दिला की सरपंचाची सून निवडली जाईल, ही भीती 1977चा अनुभव पाहता खोटी नव्हती. पण त्या भीतीची किंमत चुकवली मजुरीवर जगणाऱ्या बायकांनी. रोजी बुडवून त्या शिबिरांना गेल्या, रात्री-अपरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात गेल्या. अभियानानंतर कामागणिक पैसे मिळू लागले, इतक्या प्रसूतींचे इतके, इतक्या लसीकरणांचे इतके. ज्या कामाची नोंदवहीत जागा नाही, ते फुकटच राहिलं. तापलेल्या पोराच्या घरी दिवसातून तीनदा जाणं, दारुड्या नवऱ्यापासून बाईला सोडवणं, रेशन मिळत नसेल तर पंचायतीत उभं राहून विचारणं, ही कामं मितानिनींनी केली आणि करतात.

2005-06च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छत्तीसगडातल्या अर्भकमृत्यूचा आकडा हजारी 71 होता, 2019-21च्या पाहणीत 44. या घसरणीला रस्ते, दवाखाने, धान्यवाटप अशी अनेक कारणं आहेत. सगळं श्रेय एकीला देणं बरोबर नाही. पण पाऱ्यातल्या त्या बाईला वगळून हा हिशेब मांडताही येत नाही.

मार्च 2023च्या अर्थसंकल्पात भूपेश बघेल सरकारने प्रोत्साहन रकमेखेरीज मितानिनींना महिना 2,200 रुपये जाहीर केले. योजनेला तेव्हा दोन दशकं उलटून गेली होती. मितानिनींची संख्या सत्तर हजारांच्या आसपास गेली होती, आणि पहिल्या तुकडीतल्या अनेकींच्या हाताखाली जन्मलेल्या मुली आता स्वतः बाळंतपणासाठी त्यांच्याकडे येऊ लागल्या होत्या.