आसन, गणपूर्ती आणि ञत्ति : संविधान सभेचे पहिले दिवस

संविधान सभेचा विचार करताना पूज्य बाबासाहेबांची १७ डिसेंबर १९४६ आणि २५ नोव्हेंबर १९४९ ची भाषणे आपल्याला प्रथम आठवतात. त्यांपूर्वीच्या औपचारिक कामकाजाची पाने आपण सहसा उलटून पुढे जातो. परंतु सभेत कोण बसेल, कोण मोजला जाईल आणि बोलण्याची अनुज्ञा कोणत्या क्रमाने मिळेल, हे त्याच पानांत ठरलेले असते. विनयपिटकाच्या अभ्यासकाला तर ती पाने परिचित वाटतात.

९ डिसेंबर १९४६ रोजी सकाळी अकरा वाजता नवी दिल्लीत सभेची पहिली बैठक भरली. आचार्य कृपलानी यांच्या विनंतीवरून डॉ. सच्चिदानंद सिन्हा यांनी हंगामी अध्यक्षपद स्वीकारले. अमेरिका, चीन व ऑस्ट्रेलिया येथून आलेले शुभसंदेश वाचले गेले. फ्रँक अँथनी यांना उपाध्यक्ष नेमण्यात आले. बलुचिस्तानच्या निवडीवर आक्षेप घेणारा अर्जही त्याच दिवशी सभेपुढे आला. त्याचा निर्णय कायम अध्यक्षांवर सोपविण्यात आला. त्यानंतर सदस्यांनी आपापली अधिकारपत्रे सादर करून नोंदवहीत स्वाक्षऱ्या केल्या. त्या बैठकीस २०७ सदस्य उपस्थित होते. मुस्लिम लीगच्या सदस्यांचा बहिष्कार होता. ११ डिसेंबरला डॉ. राजेंद्रप्रसाद कायम अध्यक्ष झाले. कामकाजाचे नियम करण्यासाठी समिती नेमली गेली आणि तिचे नियम त्याच महिन्यात सभेने स्वीकारले.

बंगाल प्रांतातून निवडून आलेले बाबासाहेब या सभेत बसले होते. उद्दिष्टांच्या ठरावावर १७ डिसेंबरला अध्यक्षांनी त्यांना अनपेक्षितपणे पाचारण केले. ठराव तूर्त पुढे ढकलावा, या बॅरिस्टर जयकरांच्या सूचनेस त्यांनी पाठिंबा दिला. बहुमत त्या वेळी अनुकूल नसतानाही त्यांचे म्हणणे सभेने ऐकले. ठराव अखेर २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. अल्पमतातील सदस्याला असे बोलता येते, कारण त्याचे आसन कोणाच्या कृपेवर नसते, नोंदवहीतील स्वाक्षरीवर असते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खूसंघाच्या सभापद्धतीचा उल्लेख केला. आसनव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती, मतगणना हे सर्व संघाला ठाऊक होते, आणि तथागतांनी ते तत्कालीन राजकीय सभांच्या नियमांतून घेतले असावे, असे त्यांनी सांगितले. या विधानास पालि वाङ्मयात भक्कम आधार आहे. वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत उपसंपदेला दहा वर्षे झालेल्या अजित नावाच्या भिक्खूची ‘आसनपञ्ञापक’ म्हणून रीतसर निवड झाल्याचे चुल्लवग्ग सांगतो. महावग्गात चार, पाच, दहा व वीस भिक्खूंच्या संघांनी कोणती कर्मे करावीत, हे ठरवून दिले आहे. गण पूर्ण करणाऱ्यास ‘गणपूरक’ म्हणत. आजारी भिक्खूची संमती, म्हणजे ‘छन्द’, दुसऱ्याकरवी कळविली जाई. प्रस्ताव म्हणजे ‘ञत्ति’. ती मांडून कर्माच्या महत्त्वानुसार एकदा किंवा तीनदा अनुश्रावण होई; मौन हीच संमती. अपूर्ण संघाने केलेले ‘वग्गकम्म’ अग्राह्य ठरे.

या नियमांचा सामाजिक अर्थ उपालि थेरांच्या चरित्रात स्पष्ट होतो. उपालि हे शाक्यांचे न्हावी. शाक्य कुमारांनी आपला अभिमान गळावा म्हणून त्यांना आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती तथागतांना केली. संघात ज्येष्ठता जन्मावर नव्हे, उपसंपदेच्या कालावर ठरे. त्यामुळे कुमारांना उपालींना वंदन करावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपांनी प्रथम ञत्ति मांडली, उपालींनीही उत्तर देण्यासाठी ञत्ति मांडली, आणि मगच विनयाची प्रश्नोत्तरे सुरू झाली. ज्याला गावच्या सभेत आसन मिळाले नसते, त्याच्या मुखातून संघाने विनय ऐकला. बाहेरून रूक्ष दिसणाऱ्या विधीने हे घडविले.

हा केवळ प्राचीन इतिहास नव्हे. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. बारामती तालुक्यातील लोणी भापकर असो वा अन्य कोणतेही गाव, ग्रामसभेच्या आरंभीही उपस्थितीची नोंदवही पुढे येते आणि गणपूर्ती पाहिली जाते. महाराष्ट्रात ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र पुन्हा गणपूर्तीचे बंधन राहत नाही. म्हणजे पहिल्या सभेकडे पाठ फिरविणारे मतदार मूठभरांच्या हाती निर्णय सोपवितात. संघाने ज्याला वग्गकम्म म्हटले असते, ते तेथे कायदेशीर ठरते.

ज्यांच्या पूर्वजांना चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागले, त्यांच्यासाठी नोंदवहीतील स्वाक्षरी हा उपचार नाही. ती आसनावरील हक्काची नोंद आहे. सभा सुरू होण्यापूर्वीच तेथे पोहोचणे, स्वाक्षरी करणे आणि ठराव शब्दशः वाचून दाखविण्याचा आग्रह धरणे, यात विनयाचे आणि संविधानाचे एकाच वेळी पालन होते.