फळबागेसाठी घेतलेली जमीन

तुम्ही रानात उभे आहात. साल १८७४च्या सुमाराचं, मुलूख मद्रास इलाखा, तिरुपतीचा परिसर. पाऊस हुकलाय. झाडाखाली पाच माणसं बसली आहेत. अनंतशास्त्री डोंगरे यांची दृष्टी गेली आहे, पण पाठांतर शाबूत आहे. शेजारी पत्नी लक्ष्मीबाई, मोठी मुलगी, मुलगा श्रीनिवास आणि सोळा वर्षांची रमा. मूठभर शिंदीची फळं, झाडपाला आणि पाणी, एवढ्यावर त्यांनी अकरा दिवस काढलेत.

तुम्ही मनात म्हणता, हे लोक इथवर आले कसे? होतं नव्हतं ते तीर्थयात्रांत आणि दानधर्मात गेलं. मग दागिने विकले, भांडीकुंडी विकली. पुराण सांगणाऱ्याच्या घरात मोलमजुरी कोणाला ठाऊक नाही आणि भीक मागायला जीभ रेटत नाही. व्रतं झाली, उपास झाले, देव काही आला नाही. शास्त्रीबुवा आता जलसमाधीचं बोलतायत. तेवढ्यात श्रीनिवास म्हणतो, मी हमाली करीन. बाप थांबतो.

पण थोड्याच दिवसांत तो जातोच, आणि काही आठवड्यांनी आईही. तिच्या तिरडीला चार खांदे हवेत. गावातून दोनच माणसं येतात, तिसरा श्रीनिवास, चौथी रमा. ती ठेंगणी. खांद्यावर घेतली तर तिरडी एका बाजूला कलंडते, म्हणून ती तो कोपरा डोक्यावर घेते. मसणवाटा तीन मैलांवर. तुम्हाला पुढे व्हावंसं वाटतं, पण ज्या काळातून तुम्ही आलात तिथला खांदा इथे चालत नाही. मुकाट मागून चाला.

हे का घडलं याचं उत्तर या रस्त्यावर मिळत नाही. ते मिळतं असं सांगणाऱ्यांपासून मी चार हात लांबच राहतो.

आता एक उडी घ्या. १८९७, मध्य प्रांत. रमा आता पंडिता रमाबाई आहेत. कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली पदवी, विधवापण, इंग्लंडातला बाप्तिस्मा, मुंबईत काढून पुण्याला नेलेली विधवांची शाळा शारदा सदन, धर्मांतराच्या प्रश्नावरून पुण्यात उठलेलं काहूर, सगळं मागे पडलंय. त्या वादात दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं बरंच होतं, पण आज तो बाजूला ठेवा. दुष्काळी छावणीत एक पोर बसलीय, तिच्याकडे बघा. केसांच्या जटा झाल्यात, गुडघा मांडीपेक्षा जाड दिसतोय. वाडग्यातली पातळ पेज ती दोन्ही हातांनी झाकून पितेय, कोणी ओढून घेईल म्हणून. भाकरी लगेच देऊन चालत नाही, रिकाम्या पोटाला ती सोसत नाही. छावण्यांभोवती अशा पोरींना फूस लावून नेणारी माणसंही घिरट्या घालतायत. त्यांच्या आधी पोचायचं, ही बाईंची घाई. अकरा दिवसांचं ते रान त्या विसरलेल्या नाहीत. या दुष्काळातल्या अनुभवांवर लिहिताना त्यांनी ते सविस्तर सांगितलंय.

सुमारे तीनशे मुली-बायका त्या घेऊन येतात. पण पुण्यात प्लेग आहे, एवढ्या जणींना शहरात ठेवायला मनाई. न्यायचं कुठे?

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. तिथे बाईंची जमीन आहे, नुकतीच घेतलेली. शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत कबूल केली होती. ती मुदत सरत आली, तेव्हा फळबाग लावावी आणि उत्पन्नावर संस्था चालवावी, एवढाच व्यवहारी हिशेब होता. घरं नव्हतीच. मुली तिथे उतरल्या त्या तात्पुरत्या निवाऱ्यात. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर 'मुक्ती' ही त्यांची संस्था उभी राहिली. तुम्ही याला योगायोग म्हणाल. बाईंनी त्यात देवाचा हात पाहिला.

आणखी तीन वर्षं पुढे या. १९००. गुजरातेत छप्पनियो दुष्काळ पडलाय आणि तिकडच्याही मुली केडगावात आल्या आहेत. वस्ती दोन हजारांच्या घरात. आसपासच्या विहिरी आटल्यात. पहाटे तुम्ही मुक्तीतल्या विहिरीच्या काठावर वाका. काल संध्याकाळी पोहरा तळाला घासत होता, आज झऱ्यांनी थोडं पाणी भरलंय. दिवसभरात तेही उपसलं जाईल. उद्याचं उद्या. बाईंची प्रार्थनाही तशीच, रोजच्यापुरती. ठरलेला पैसा कुठूनच येत नाही. आलेल्या देणग्यांतून धान्य, कापड आणि बांधकाम भागवायचं. इथे पोचलेल्या काही मुली वाचतही नाहीत. तरी प्रार्थना चुकत नाही आणि विहिरींचं खोदकामही थांबत नाही.

माझ्या मते रमाबाईंच्या श्रद्धेचं वेगळेपण या खोदकामात आहे. देव सोडवील म्हणून त्या छावणीच्या दाराशी वाट बघत बसल्या नाहीत. आगगाडीची तिकिटं काढून त्या माणसं आणायला गेल्या. आईबापांचं मरण यासाठीच होतं, असं मात्र कोणी म्हणू नये. एवढ्याने त्याची भरपाई होत नाही.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच वारल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तेव्हा नुकतंच हातावेगळं झालं होतं, आणि त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या मुली-बायकांच्या हातून झाली. मुक्ती मिशन केडगावात अजून चालू आहे. निराधार बायका-मुली आजही तिथे राहतात.