शिशाचं सील

दोन महिने काही लिहिलं नाही, कारण मी गाड्यांचा अभ्यास करत होते. हसू नका. आयुष्यभर शाळेत शिवकाल आणि फ्रेंच राज्यक्रांती शिकवलेल्या बाईला स्टिअरिंग सुद्धा धरता येत नाही, हे नातेवाईकांना ठाऊक आहेच.

झालं असं की टेक्सासच्या भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे 2012 सालचा डॉज रॅमचा जुना पिकअप ट्रक आहे, आत कमिन्सचं 6.7 लिटरचं डिझेल इंजिन. मागे ट्रेलर लावून तो बागकामाचं सामान ओढतो. त्याच्या गाडीच्या धुराड्यातली काजळी अडवणारी जाळी वारंवार तुंबते. नवी घालायची तर खर्च डोळे पांढरे करणारा. तिथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, जाळी काढून टाकू, इंजिनच्या कॉम्प्युटरला नवी 'चिप' देऊ, पैसे वाचतील आणि शंभरएक हॉर्सपॉवर वाढेल. भाचा म्हणाला, "मावशी, तू इतिहासाची. आजोबा तर डिझेलमधलेच होते. कोणती चिप घेऊ ते तूच सांग."

चेष्टेत म्हणाला असेल. मी मात्र मनावर घेतलं.

आता चिप म्हणजे काय? पूर्वी मोटारीच्या इंजिनला पेट्रोल किती द्यायचं ते कार्बुरेटर ठरवी, आणि ठिणगी कधी पाडायची ते डिस्ट्रिब्युटर. मिस्त्री स्क्रू फिरवायचा, कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "आता झाली." अमेरिकेत 1970 च्या हवाशुद्धी कायद्यानंतर हे कानाचं काम पुरेना. धूर कमी करायचा तर इंधन फार काटेकोर मोजायला हवं. म्हणून 1981 पासून जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल मोटारींत छोटा कॉम्प्युटर बसवला. त्याच्या पोटात एक चिप, आणि चिपमध्ये तक्ते. शाळेच्या वेळापत्रकासारखे: आडव्या ओळीत इंजिनचे फेरे, उभ्या ओळीत त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. या क्षणी इतकं पेट्रोल, ठिणगी इतके अंश आधी.

कंपनीने हे आकडे जपून ठेवलेले असतात. हलकं पेट्रोल, वाळवंटातला उन्हाळा, तेल न बदलणारा मालक, या सगळ्यांत गाडी टिकली पाहिजे. या जपून ठेवलेल्या अंतरातच दुसऱ्यांना धंदा दिसला. गाडीच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडायचं, मूळ चिप काढायची आणि आपले आकडे लिहिलेली बसवायची. ती चिप पुसायची असेल तर तिच्या काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडत, हे वाचून मला फार गंमत वाटली. पाटी पुसायला ऊन! फोर्डच्या कॉम्प्युटरला तर मागच्या बाजूला एक मोकळी जागाच होती, चिप तिथे नुसती खोचायची.

फायदा व्हायचा का? साध्या पेट्रोल इंजिनात थोडासा, आणि त्यासाठी महागडं पेट्रोल भरावं लागे. टर्बो असलेल्या इंजिनात मात्र पुष्कळ. 1996 पासून अमेरिकेत प्रत्येक मोटारीला आणि हलक्या ट्रकला तपासणीसाठी सोळा पिनांचं एकसारखं सॉकेट सक्तीचं झालं. कॉम्प्युटरमधले आकडेही त्याच वाटेने बदलता येऊ लागले. म्हणजे आज ज्याला चिप म्हणतात त्यात बहुतेक वेळा चिप नसतेच. एक डबी असते, सॉकेटला जोडायची आणि आकडे बदलून काढून ठेवायची. शब्द मात्र राहिला, जसं आपण अजून फोन 'फिरवतो'.

आणि काही वेळा डबीत काहीच नसतं. इंटरनेटवर अगदी स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक 'चिपा' म्हणजे नुसता एक रेझिस्टर असतो. हवेचं तापमान सांगणाऱ्या तारेत तो बसवला की कॉम्प्युटरला वाटतं बाहेर गारठा आहे, म्हणून तो इंधन थोडं जास्त देतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात इंजिनला हिवाळा पडल्याची थाप मारायची!

पण भाच्याचा प्रश्न डिझेलचा, आणि तिथे मला अण्णा आठवायला लागले.

आमचे वडील साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, पंपाच्या खोलीत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवतात की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिनासारखं हवेचं दार उघडझाप करून जोर ठरत नाही, डिझेल किती फवारलं यावर ठरतो. ते ठरवतो फ्युएल पंप. त्याच्यावर एक स्क्रू असतो, याच्यापुढे डिझेल जायचं नाही असं बजावणारा. पंप मापाला लावून झाला की अण्णा त्या स्क्रूमधून तार ओवत, तारेला शिशाचा मणी लावत आणि पकडीने दाबत. मण्यावर छाप उमटे. ते सील. तुटलेलं सापडलं की चौकशी.

तुटायची, अर्थात. खंबाटकीचा घाट चढताना कोणत्या ड्रायव्हरला वाटत नसेल की थोडं अजून डिझेल मिळावं? खाजगी मालट्रकवाल्यांत तर 'पंप वाढवून' देणारे मिस्त्री प्रसिद्ध असत. भाच्याचा गॅरेजवाला जे करू पाहतो, ते हेच.

एक गोष्ट घरात फारशी कोणी बोलत नाही, पण आता ऐंशीकडे झुकताना लपवून काय करायचं? 1963-64 चा सुमार असेल. कराडकडचा गूळ पुण्याला नेणारा एक ट्रकवाला अण्णांकडे चार-पाच वेळा आला. टाटा-मर्सिडीज गाडी, कर्ज काढून घेतलेली. चार ढेपा जास्त चढवल्या की घाटात गाडी दमते म्हणायचा. अण्णा नाही म्हणत राहिले. शेवटी एका रविवारी त्यांनी त्याच्या पंपाचा स्क्रू फिरवला. पैसे घेतले नाहीत. ट्रकवाला खूष होऊन गेला, आईच्या हातात गुळाची ढेप देऊन. दीड महिन्याने तो परत आला, पायी. घाटात पिस्टन वितळला होता.

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. पिस्टन वितळतो हे मला खरंच वाटेना. आता वाचल्यावर कळलं. हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की काळा धूर येतो, आणि चढावर भाराने तसंच दामटत राहिलं तर आतली उष्णता वाढतच जाते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. म्हणून तिकडचे शहाणे लोक चिप घेण्याआधी धुराचं तापमान दाखवणारा काटा बसवतात.

डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं इंजिन आलं 1989 साली: 5.9 लिटर, सहा सिलिंडर, 160 हॉर्सपॉवर. आज हा आकडा लहान वाटतो, पण ओढण्याची ताकद दांडगी. 1998 च्या मध्यापर्यंत या इंजिनचा पंप अण्णांच्या पंपासारखाच, निव्वळ यांत्रिक. त्याला चिप बसतच नाही, कारण इंधन मोजणारा कॉम्प्युटरच नाही! तिथे लोक स्क्रू फिरवत आणि पंपातली एक पट्टी कानशीने घासत. (पुणेकरांना कमिन्स नवं नाही. 1962 साली किर्लोस्कर कमिन्स कोथरूडला सुरू झाली, आणि लग्नाच्या बाजारात 'मुलगा कमिन्समध्ये' याला काय वजन होतं ते आमच्या पिढीला विचारा.) पुढे डिझेलही कॉम्प्युटरच्या ताब्यात गेलं. फोर्डचं 7.3 लिटरचं पॉवर स्ट्रोक 1994 ला आलं आणि त्याच्या मागे खोचायच्या चिपांचा मोठा बाजार उभा राहिला. काहींना तर बटण असे: ओझं ओढायचं असेल तर एक नंबर, मिरवायचं असेल तर पाच.

2007 पासून अमेरिकेतल्या डिझेल पिकअपना काजळीची जाळी आली. जाळीत साठलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळते. ती नीट जळली नाही की भाच्यासारखी पंचाईत. मग जाळी कापून काढणं आणि कॉम्प्युटरला जाळी आहे असं भासवणं याचाच धंदा झाला. तिथल्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, 2013 मध्ये एज प्रॉडक्ट्स या कंपनीशी तडजोड केली. अशी नऊ हजारांवर उपकरणं विकल्याबद्दल कंपनीने 5 लाख डॉलर दंड भरला. 2020 च्या अहवालात त्याच खात्याने अंदाज दिला की आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूर रोखणारी यंत्रणा काढली गेली.

पण फक्त गॅरेजवाल्यांना नावं ठेवायची तर तेही बरोबर नाही. 2015 साली फोक्सवॅगनने काय केलं ते उघड झालं: परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत. आणि खुद्द कमिन्सने 2013 ते 2019 च्या रॅम ट्रकांतल्या सॉफ्टवेअरवरून 167.5 कोटी डॉलर दंड द्यायचं 2023 च्या डिसेंबरात मान्य केलं. चूक केली असं मात्र कंपनीने कबूल केलं नाही. हे वाचून मी जरा वेळ संगणक बंद करून बसले. सील मारणारेच सील तोडतात म्हटल्यावर भाच्याला कोणत्या तोंडाने सांगू?

तरी सांगितलं. फोनवर तासभर. म्हटलं, आधी जाळी काढून स्वच्छ करून घेता येते का बघ, नवीच घालायला हवी असं नाही. ती वारंवार का तुंबते ते शोध. टर्बो किंवा इंजेक्टर बिघडला असेल तर चिपेने तो बरा होणार नाही. शंभर हॉर्सपॉवर वाढवलीस तर गिअरबॉक्सही ती सोसणारा हवा. आणि घ्यायचीच असेल तर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेली घे, ट्रेलर ओढण्याच्या सौम्य पायरीची. ती जाळी काढायला सांगत नाही. मग गुळाच्या ट्रकवाल्याची गोष्टही सांगितली. त्याच्या आईने त्याला ती कधी सांगितली नव्हती.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "मावशी, त्या ट्रकवाल्याचं पुढे काय झालं?"

अण्णांनी पिस्टनचे पैसे भरले. तीन वर्षं, पगारातून. ताईचं कॉलेज त्याच पायी एक वर्ष उशिरा सुरू झालं, ती त्याची आई.

परवा त्याचा निरोप आला. जाळी साफ करून आणली, एक इंजेक्टर गळत होता तो बदलला, चिपेचं दिवाळीनंतर बघू. सोबत विचारलं होतं की आजोबांची ती सील दाबायची पक्कड अजून आहे का. आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत, सुतळीत गुंडाळलेली. फोटो काढून पाठवला. आता तो विचारतोय की तिच्या जबड्यावर अक्षर कोणतं आहे. भिंग घेऊन दोनदा पाहिलं, झिजलंय फार. उजेडात पुन्हा बघते.