‘कॉम्प्रमाइझ’ शब्दाचे स्थित्यंतर

‘कॉम्प्रमाइझ’ या इंग्रजी शब्दास मराठीत ‘तडजोड’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्याचा मूळ अर्थ तडजोडीचा नव्हे. लॅटिन ‘कॉम्प्रोमिस्सुम’ म्हणजे परस्परांस दिलेले वचन. रोमन कायद्यात दोन भांडणारे पक्ष एक पंच नेमीत आणि त्याचा निवाडा मोडल्यास ठरलेला दंड भरू, असे एकमेकांस वचन देत. मराठेशाहीत पंचायतीपुढे वादी-प्रतिवादी राजीनामा लिहून देत, त्यासारखाच हा प्रकार. (राजीनामा म्हणजे तेव्हा संमतिपत्र, त्या शब्दाचेही पुढे काय झाले, हे सर्वांस ठाऊकच आहे!)

कालांतराने इंग्रजी शब्दातून पंच गळाला व केवळ दोन पक्षांची आपापसांतील देवघेव उरली. १७८७ साली फिलाडेल्फियाच्या घटना-परिषदेत ती देवघेव कशी झाली, ते पाहण्याजोगे आहे. लोकसंख्येनुसार प्रतिनिधी द्यावयाचे, तर गुलामांची गणना करावी की नाही? अमेरिकेतील दक्षिणेकडील संस्थानांस ती पूर्ण हवी होती. गुलामांस मताधिकार मात्र द्यावयाचा नव्हता. अखेर पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असे ठरले. दोन्ही पक्ष राजी झाले. ज्यांची मोजदाद व्हावयाची, त्यांस कोणी विचारले नाही. घटनेच्या त्या कलमात ‘गुलाम’ हा शब्दही नाही. ‘इतर सर्व व्यक्ती’ असा आडपडदा आहे. लिहिणारांस लाज वाटली असावी.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. १८६५ साली गुलामगिरी संपली आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने ते तीन-पंचमांशाचे गणित रद्द झाले.