लामफालुसी आणि बँकांची सुरक्षितता

एक बँक बुडाली म्हणजे तिच्या ठेवीदारांचें नुकसान होतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिच्याशीं देवघेव करणाऱ्या दूरदूरच्या बँकांवरहि तेंच संकट कसें कोसळतें, याचा धडा जगास १९७४ सालीं मिळाला. त्या वर्षीं २६ जून रोजीं कोलोन येथील हेरस्टाट बँकेस अधिकाऱ्यांनीं टाळें ठोकलें. परकीय चलनाच्या सौद्यांतील मार्क तिच्या पदरांत पडले होते. त्यांच्या मोबदल्याचे डॉलर न्यूयॉर्कमध्यें चुकते होण्यापूर्वींच तिचे व्यवहार थांबले, आणि समोरच्या बँका हात चोळीत बसल्या.

हा धोका ओळखून त्यास आवर घालूं पाहणाऱ्यांत अलेक्झांडर लामफालुसी यांचें नांव प्रमुख आहे. १९२९ सालीं हंगेरींतील कापुवार येथें त्यांचा जन्म झाला. १९४९ सालीं मायदेश सोडून ते बेल्जममध्यें आले. लुव्हें व ऑक्सफर्ड येथें अर्थशास्त्राचें अध्ययन केल्यावर त्यांनीं ब्रुसेल्समधील एका मोठ्या बँकेंत वीस वर्षें काढलीं. हेरस्टाट बुडाली त्याच सालीं त्या बँकेसहि चलनाच्या सौद्यांत जबर ठोकर बसली. बँकांची दुर्बलता त्यांस केवळ पुस्तकांतून कळली नव्हती.

१९७६ सालीं ते बाझल येथील, मध्यवर्ती बँकांची बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आर्थिक सल्लागार झाले. लॅटिन अमेरिकेस खाजगी बँका देत असलेलीं कर्जें फुगत आहेत, व त्यांतील पुष्कळशीं अल्प मुदतीचीं आहेत, असा इशारा ते देऊं लागले. परंतु कोणत्याहि बँकेस हुकूम करण्याचा अधिकार त्या संस्थेस नव्हता; आणि आपलें कर्ज तेवढें सुरक्षित, असा प्रत्येक सावकाराचा समज असतो. ऑगस्ट १९८२ मध्यें मेक्सिकोनें कर्जफेडीची असमर्थता जाहीर केली, तेव्हां इशाऱ्याचा अर्थ सर्वांस उमगला.

१९८५ सालीं ते याच संस्थेचे मुख्य व्यवस्थापक झाले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९९० सालीं प्रसिद्ध झाला. परस्परांचीं येणीं-देणीं वजा करून बँकांनीं केवळ बाकी चुकती करावी, या पद्धतींत पैसा थोडा लागतो. पण एकानें हात वर केले कीं सर्वांचाच हिशेब कोलमडतो. म्हणून, ज्या सभासदाची देणेबाकी सर्वांत मोठी, तोच चुकला तरी त्या दिवसाचा हिशेब पुरा झालाच पाहिजे, अशी किमान अट समितीनें घातली. नुसत्या इशाऱ्याच्या जागीं आतां नियम आला.

१९९४ ते १९९७ या काळांत, युरोपच्या सामायिक चलनाची पूर्वतयारी करणाऱ्या फ्रांकफुर्ट येथील संस्थेचे ते अध्यक्ष होते. चलन एक झालें, पण बँकांवरील देखरेख त्या त्या देशाकडेच राहिली. २००८ सालच्या अरिष्टानें व त्यामागून आलेल्या कर्जसंकटानें ही उणीव उघडी पाडली. नोव्हेंबर २०१४ मध्यें मोठ्या बँकांची देखरेख युरोपीय मध्यवर्ती बँकेनें हातीं घेतली. त्यानंतर सहा महिन्यांनीं, मे २०१५ मध्यें, लामफालुसी निवर्तले. संकट येण्यापूर्वीं बोललेला शब्द मानण्यास माणसें तयार नसतात. तो नियमांत उतरविण्याचें काम चिकाटीनेंच होतें, हें त्यांच्या चरित्रावरून दिसतें.