पेशीच्या दारावरचा पहारा

आज जयनगरहून एका फार छोट्या अवयवाचा इतिहास सांगतो.

आपल्या बहुतेक पेशींवर केसासारखा एकच तंतू असतो. त्याला प्राथमिक सिलियम म्हणतात, मराठीत पक्ष्माभिका. १८९८ साली कार्ल झिमरमान यांनी सस्तन प्राण्यांच्या पेशींत त्याचं वर्णन केलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षं बहुतेकांनी त्याला निरुपयोगी अवशेष मानलं.

या तंतूला लागणारी प्रथिनं पेशीतून आणावी लागतात, आणि नको ती बाहेरच ठेवावी लागतात. मी फौजी माणूस, मला यात छावणीचं गेट दिसतं. तंतूच्या बुडाशी असलेला पट्टा म्हणजे हे गेट. तिथे सगळ्यांनाच आत सोडत नाहीत. आत माल नेतं किनेसिन-२ हे मोटर-प्रथिन, परतीची वाहतूक डायनिन करतं. ही ये-जा १९९३ साली येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष दिसली, तीही एका साध्या शेवाळात!

मग २००० साल उजाडलं. या वाहतुकीतलं एक प्रथिन उंदरात बिघडलं, की मूत्रपिंडातले तंतू आखूड राहतात आणि तिथे पाण्याच्या गाठी होतात, हे कळलं. माणसात पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या अशाच आजारातली पॉलिसिस्टिन प्रथिनंही याच तंतूवर सापडतात. २००७ साली बीबीसोम हा प्रथिनांचा गट ओळखला गेला. काम झालेली प्रथिनं तंतूबाहेर काढायला तो मदत करतो. तो बिघडला तर दृष्टी जाते, लठ्ठपणा येतो, मूत्रपिंडं दुखावतात.

आपल्याकडचा धागा बंगळुरूतच सुरू होतो. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली इथल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला गेली. १९६२ साली ओबेद सिद्दिकींनी तिथे रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. फळमाशीला वास कसा कळतो, हा त्यांचा पुढचा ध्यास. वास घेणाऱ्या चेतापेशीचं टोकही सिलियमच असतं. कुलाब्याच्या त्याच संस्थेत कृशानू राय यांच्या गटाने २०११ साली दाखवलं, की माशीच्या शृंगिकेतले हे तंतू टप्प्याटप्प्याने उभे राहायला किनेसिन-२ लागतंच.

शेवाळ आणि माशी यांवरचं संशोधन पाहून 'याचा उपयोग काय?' असं आपण पटकन विचारतो. मूत्रपिंडाच्या आजाराचं एक कारण मात्र तिथूनच हाती लागलं. पुढच्या वेळी तो प्रश्न ओठांवर आला, तर हे आठवा. जय हिंद.