हिरवळीची ऋतुमानानुसार निगा

घराच्या अंगणात मुद्दाम लावून ठरावीक उंचीवर राखलेल्या गवतास हिरवळ म्हणतात. महाराष्ट्रात त्यासाठी हरळी म्हणजेच दूर्वा हे गवत सर्रास वापरले जाते. सायनोडॉन डॅक्टिलॉन हे त्याचे शास्त्रीय नाव होय. हरळीस भरपूर ऊन लागते. दाट सावलीत ती विरळ होते. तिची वाढ ऋतूप्रमाणे बदलत असल्याने निगाही बदलावी लागते.

पावसाळा
जून ते सप्टेंबर हा जोमदार वाढीचा व नव्या लागवडीचा काळ होय. कापणी वारंवार करावी लागते; मात्र एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक गवत कापत नाहीत. पाणी साचून मुळे कुजू नयेत म्हणून जमिनीस उतार देतात. लव्हाळा गाठींपासून पुन्हा फुटतो, म्हणून तो गाठींसह खणून काढतात. हुमणीच्या अळ्यांनी मुळे खाल्लेले गवत पिवळे पडते व सहज उपटून येते.

हिवाळा
थंडीत वाढ मंदावते व रंग फिकट होतो. जादा पाणी दिल्याने तो परतत नाही. उलट बुरशीस वाव मिळतो.

उन्हाळा
रोज वरवर शिंपण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने, पहाटे, खोलवर भिजेल असे पाणी दिल्यास मुळे खोल जातात. गवत किंचित उंच राखल्यास जमिनीतील ओल टिकते. पाणीटंचाईत पाणी थांबविल्यास पाती वाळतात. परंतु जमिनीखालील खोडे बहुधा जिवंत राहतात आणि पावसानंतर हरळी पुन्हा फुटते. त्यामुळे रुजलेल्या हरळीसाठी टंचाईच्या दिवसांत पिण्याचे पाणी खर्च करणे आवश्यक नसते.